सर, पडदा फाटायलाय!

लॅबच्या मागच्या कोपऱ्यातून ही हाक आली तेव्हा मी आधी खिडकीकडं बघितलं. आमच्या लॅबच्या खिडक्यांना पडदेच नाहीत, हे ध्यानात यायला क्षणभर लागला. पोरगा बोलत होता मॉनिटरबद्दल. जुन्या मशीनवर कबड्डीचा सामना लावला होता (सर वऱ्हांड्यात गेले की लॅबमधले शैक्षणिक व्हिडिओ कसे बदलतात, हे शिक्षकांना सांगायला नको) आणि चढाईला निघालेला गडी पळाला की त्याचं धड आणि पाय वेगळे होत होते. कमरेजवळ एक आडवी रेघ. रेघेच्या वर गडी जरा मागं, रेघेच्या खाली जरा पुढं.

या प्रकाराला संगणकवाले ‘टेअरिंग’ म्हणतात, म्हणजे फाटणंच. पोराला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याला जे दिसलं ते त्यानं परभणीच्या बोलीत सांगितलं आणि शब्द नेमका तोच निघाला.

निदानं मात्र भराभर झाली. एक सहकारी म्हणाले व्होल्टेज कमी-जास्त होतंय. दुसरे म्हणाले व्हायरस. तिसऱ्यांनी मॉनिटरशेजारी निवडुंगाची कुंडी ठेवायला सांगितली, किरणं शोषून घेते म्हणे. दसऱ्याला मशीनला हळद-कुंकू लावण्याला माझी काही हरकत नाही, सणाचा भाग आहे. पण निवडुंग स्वतःच्या अंगावर पडेल तेवढाच प्रकाश शोषतो, आणि तेवढा तर लॅबमधलं लाकडी कपाटही शोषतं. व्होल्टेज हलल्यावर आख्खा पडदा फिका पडेल किंवा मशीन बंद होईल. गड्याच्या बरोबर कमरेवर कात्री चालवण्याइतकी नजर महावितरणच्या तारेला नाही.

खरी गंमत पुढं झाली. त्याच आठवड्यात मी एका जरा बऱ्या मशीनवर उबुंटूची (विंडोजच्या जागी चालणारी एक लिनक्स प्रणाली) २५.१० ही आवृत्ती टाकली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती आली. त्याच महिन्याच्या १४ तारखेला विंडोज १० ला कंपनीकडून मिळणाऱ्या नेहमीच्या दुरुस्त्या थांबल्या, म्हणून गावोगावी लोक पेनड्राइव्ह घेऊन लिनक्स टाकत सुटले होते, त्यातलाच मी एक. त्या मशीनवर तोच सामना लावला. गडी अखंड.

“हे मशीन नवं आहे म्हणून,” पोरगं म्हणालं. नव्हे. दोन्हींवर लिनक्सच, पण त्या मशीनवर पडद्याचा कारभार बघणारी व्यवस्थाच वेगळी आहे.

आता इथं एक गैरसमज आधी निस्तरतो. बऱ्याच जणांना वाटतं की पडद्यावरच्या चौकटी, म्हणजे विंडो, या विंडोजनं दिल्या. विंडोज काढून टाकलं तर चौकटी येतील कुठून, असा प्रश्न मला पालकसभेतही विचारला गेलाय. लिनक्सच्या जगात हे काम वर्षानुवर्षं ‘एक्स विंडो सिस्टिम’ करत आली. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत, प्रोजेक्ट अथेना चालू असताना, बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांच्या हातून ती घडली. आधी स्टॅनफर्डकडून आलेली ‘डब्ल्यू’ नावाची व्यवस्था होती. ती सुधारली म्हणून पुढचं अक्षर, एक्स. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि तो अकराचा आकडा आजपर्यंत बदललेला नाही. एक्स ११ म्हणतात ती हीच. आत भर पडत गेली, जोडकाम होत गेलं, पण पाया १९८७ चा.

उबुंटूच्या २५.१० या आवृत्तीत ग्नोम ४९ हा डेस्कटॉप आहे आणि लॉगिन करताना ‘एक्सऑर्ग’, म्हणजे एक्सचंच रूढ रूप, निवडायची जी सोय असायची ती तिथून गेली. आता फक्त वेलँड, एक्सची जागा घेणारी नवी व्यवस्था. २००८ मध्ये क्रिस्टियन हॉग्सबर्गनं हे काम सुरू केलं, २०१२ मध्ये १.० आवृत्ती निघाली. मॅसॅच्युसेट्समध्ये वेलँड नावाच्या गावातून गाडीनं जाताना त्याला कल्पना सुचली, म्हणून हे नाव. तीच कल्पना एखाद्याला बीडहून संभाजीनगरला जाताना सुचली असती, तर आज जगभरची लोकं ‘पाचोड’ नाहीतर ‘आडूळ’ इन्स्टॉल करत बसली असती.

पण मूळ मुद्दा फाटण्याचा. त्यासाठी पैठणला जाऊ.

पैठणीचा पदर विणताना कारागीर आडवा धागा घालतो, ठोकून बसवतो, पुढचा घालतो. मोर एकदम उमटत नाही, रेघेरेघेनं वर येतो. आता समजा मोराची मान विणून होईस्तोवर कुणी समोरचा नक्षीचा कागद गुपचूप बदलला, आणि नव्या कागदावर तोच मोर चार बोटं उजवीकडं सरकवून काढलाय. कारागीर काही थांबणार नाही, तो पुढची रेघ नव्या कागदावरून घेईल. मान एकीकडं, धड दुसरीकडं. विणकराची चूक शून्य. कागद बदलणाऱ्यानं वेळ चुकवली.

मॉनिटर असाच विणकर आहे, फक्त घाईचा. नेहमीचा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्यानं विणला जातो, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत. एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके, प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे एक चित्र साधारण ८३ लाख बाइटचं. सेकंदाला साठ चित्रं, जवळपास ५० कोटी बाइट. हे सगळं संगणकाच्या स्मृतीतल्या एका ठरलेल्या जागेवरून एकसारखं वाचलं जातं. नक्षीचा कागद म्हणजे हीच जागा, तिला फ्रेमबफर म्हणतात. वाचणारं यंत्र कुणाला विचारत नाही. त्याची पाळी आली की ते वाचतं.

एका चित्राला मिळणारा वेळ १६.७ मिलिसेकंद. त्यात एक सुंदर फट आहे आणि माझा जीव तिच्यावरच जडलाय. १०८० रेघा दिसतात, पण प्रमाणित वेळापत्रकात रेघा ११२५ धरलेल्या असतात. उरलेल्या ४५ रेघांच्या काळात चित्राचं काहीच पाठवलं जात नाही. हा वारसा जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीकडून आला. त्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत तळाशी पोचला की त्याला परत वर न्यावं लागे आणि त्या प्रवासात तो बंद ठेवत. आजच्या पातळ पडद्यात झोत नाही, नळी नाही, तरी ती रिकामी घटका राहिली. लांबी किती? एका रेघेला १४.८ मायक्रोसेकंद, गुणिले ४५, म्हणजे साधारण ६६७ मायक्रोसेकंद. एक मिलिसेकंदाचे दोन तृतीयांश. एवढ्या वेळात कागद बदलला तर विणकराला पत्ताही लागत नाही.

मग कागद बदलायचा कसा? ८३ लाख बाइट नक्कल करत बसलं तर घटका सरून जाईल. म्हणून युक्ती अशी की दोन कागद ठेवायचे. विणकर पहिल्यावरून विणतोय तोवर दुसऱ्यावर पुढचं चित्र निवांत काढायचं. घटका आली की नक्कल नाही, फक्त पत्ता बदलायचा: ‘आता इथून वाच’. एक आकडा इकडचा तिकडं. याला पान उलटणं म्हणतात. पुढचं चित्र वेळेत तयार नसलं तर जुनंच पुन्हा विणायचं. गडी एका ठिकाणी निमिषभर जास्त थांबेल, पण फाटणार नाही. काही ठिकाणी तिसरा कागदही ठेवतात, कारण पहिला विणकराकडं, दुसरा तयार होऊन घटकेची वाट बघत, आणि चित्रकार, म्हणजे चित्र काढणारा प्रोग्रॅम, हात बांधून बसलेला असं होऊ शकतं. तिसरा दिला की तो कामाला लागतो. मात्र तयार कागद एकामागं एक रांगेत लावत गेलं, तर माऊस हलवल्यापासून बाण हलेपर्यंतचा वेळ वाढतो. कुठला कागद मोकळा झाला, कुठला अजून वाचला जातोय, याचा हिशेब चित्रकार, मधला जुळारी (सगळ्या चौकटींची चित्रं एकत्र बसवणारा प्रोग्रॅम) आणि वाचणारं यंत्र या तिघांत ठेवावा लागतो. तो हिशेब चुकला की फाटण्याच्या वर काहीतरी भयंकर दिसतं, अर्ध्या काढलेल्या चौकटी. असो, इथं मी नेहमी वर्ग हरवून बसतो.

एक्सला ही युक्ती येत नव्हती असं नाही. अडचण तिच्या घडणीत होती. एक्समध्ये तुमच्या टेबलावरचा संगणक सर्व्हर असतो आणि प्रोग्रॅम त्याचे ग्राहक. ऐकायला उलटं वाटतं, पण सर्व्हर म्हणजे वाढपी म्हटलं की जमतं: पडद्याचं भांडं त्याच्याच हातात, बाकीचे पंगतीतून ओरडतात, ‘इथं एक रेघ’, ‘तिथं एक चौकोन’, ‘इथं हे अक्षर’. वाढपी ऐकेल तसं वाढतो. १९८४ ला हे शहाणपणाचं होतं. ठिपके महाग, तारा मंद, आख्खं चित्र पाठवण्यापेक्षा ‘रेघ काढ’ एवढाच निरोप स्वस्त. शिवाय प्रोग्रॅम दुसऱ्या इमारतीतल्या मशीनवर असला तरी चाले. पण चित्र पूर्ण झालं कधी, हे वाढप्याला कळायला मार्ग नाही. ओरडा येत राहतो, तो वाढत राहतो, आणि विणकर मधेच ताट उचलून नेतो.

पुढं प्रोग्रॅमांनी वाढप्याला सांगणंच सोडलं. आपल्या मराठीपुरतं बोलायचं तर यात भलं झालं. एक्सची मूळ अक्षरं काढायची रीत अक्षराच्या एका संकेतांकाला एक आकृती अशी होती. ‘क’, हलन्त आणि ‘ष’ मिळून ‘क्ष’ होतो, किंवा ‘कि’मधली वेलांटी उच्चारात नंतर आणि लिहिताना आधी येते, हे तिला कोण समजावणार! मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेनं ‘इंडिक्स’ नावाच्या प्रकल्पात थेट एक्समध्येच भारतीय लिप्यांची सोय बसवायचा प्रयत्न केला होता. शेवटी रूढ झालं ते दुसरंच: प्रोग्रॅमनं स्वतःच्या घरी पँगो, हार्फबझ असल्या साधनांनी जोडाक्षरं जुळवायची आणि तयार चित्र पुढं करायचं. मग २००४ पासून त्या चित्रांची एकत्र जुळणी करणारा वेगळा जुळारीही एक्सला जोडला गेला. झालं काय, की चित्र एक्सकडं, एक्सकडून जुळाऱ्याकडं, जुळाऱ्याकडून पुन्हा एक्सकडं, मग पडद्यावर. सरकारी फाईल जशी सहीसाठी पहिल्याच टेबलावर परत येते तशी. आमच्या जुन्या मशीनवर वजन हलकं राहावं म्हणून हा जुळारी मीच काढून टाकला होता. म्हणजे कबड्डीपटूचे दोन तुकडे करणारा मीच.

वेलँडनं मधलं टेबल उडवलं. जुळारी हाच मालक. प्रोग्रॅम आपलं चित्र स्वतःच्या कागदावर पूर्ण करतो, कुठला भाग बदलला ते सांगतो आणि शेवटी एक निरोप देतो, ‘कमिट’. तो येईपर्यंत आधीचं काहीच लागू होत नाही. अर्धवट चित्र दाखवायला वाटच ठेवलेली नाही.

दुसरा फरक मी वर्गात करून दाखवला. एक्सवर एका चौकटीत माझा पासवर्ड टाईप केला आणि शेजारच्या चौकटीत चालू असलेल्या साध्याशा प्रोग्रॅमनं माझी एकेक कळ टिपून दाखवली. कुठलीही खास परवानगी नाही. एक्स म्हणजे आतल्या खोल्यांना दारं नसलेला जुना वाडा: सगळे आपलेच, मग लपवायचं काय? २०१४ च्या डिसेंबरमध्ये एक्समधल्या सुरक्षेच्या ज्या चुका जाहीर झाल्या त्यातल्या काही थेट १९८७ पासूनच्या होत्या. वेलँडमध्ये समोरच्या चौकटीला तिच्याच कळा मिळतात, शेजारणीला नाही.

या दारांचा त्रासही आहे. ऑनलाइन बैठकीत पडदा दाखवायचा तर आता परवानगी मागणारी चौकट येते, आणि जुन्या प्रोग्रॅमात तर समोरच्याला काळा चौकोनच दिसतो. तेव्हा ‘नवी आवृत्ती टाका, संगणक दुप्पट पळतो’ असे जे व्हॉट्सअॅप निरोप फिरतात ते सोडून द्या. वेलँडनं जुनं मशीन जवान होत नाही. जुने एक्सचे प्रोग्रॅम एक्सवेलँड नावाच्या दुभाष्यामार्फत तिथं चालतात, एवढं मात्र खरं.

त्या पोराचं समाधान अजून झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं जुन्या मशीनसमोर मोबाईल धरून स्लो मोशनमध्ये चित्रण केलं आणि मला ओढत नेलं. “सर, फाट वर चढायलीय.” खरंच चढत होती. कमरेवरून छातीवर, छातीवरून डोक्यावर, पार वर जाऊन नाहीशी, आणि पुन्हा तळातून सुरू. व्हिडिओ सेकंदाला बरोबर ३० चित्रं देत होता आणि मॉनिटर सेटिंगमध्ये ६० नाही, ५९.९४ दाखवत होता. विणकर किंचित मंद, त्यामुळं कागद दर वेळी आधीच्यापेक्षा जरा वरच्या रेघेवर बदलला जायचा. ३० ची दुप्पट ६०. ६० वजा ५९.९४ म्हणजे ०.०६, आणि एक भागिले ०.०६ म्हणजे १६.७ सेकंदांची एक फेरी. मी हे फळ्यावर मांडत होतो तोवर त्यानं मोबाईलचं घड्याळ लावून तीन फेऱ्या मोजल्या होत्या.

“सतरा सेकंद, सर. तिसरी सोळा आली, पण तवा मला शिंक आल्ती.”