हाय-रेझोल्यूशन मेटल अल्बमांविषयी खुलासा

कोल्हापुरातील हेवी मेटलच्या श्रोत्यांमध्ये असा समज रूढ आहे की, ब्लॅक सॅबथ या बँडचा १९७० चा ‘पॅरानॉइड’ हा अल्बम २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या हाय-रेझोल्यूशन फाइलमध्ये (म्हणजे सीडीपेक्षा सूक्ष्म डिजिटल नोंद असलेल्या फाइलमध्ये) घेतला, तर सीडीवर न मावलेले बारकावे ऐकू येतात. हा समज चुकीचा आहे. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झ नमुनादरात (म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची नोंद) सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी सामावतो, माणसाचा कान मात्र फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि वयाबरोबर तेही कमी होत जाते. शिवाय सीडीच्या १६ बिटांचा सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला (सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर) त्या काळच्या चुंबकीय फितीहून मोठाच आहे. ध्वनिमुद्रण आणि मिश्रण करताना २४ बिट खरोखर उपयोगी पडतात, पण तो स्टुडिओतला प्रश्न झाला.

तरीही नवी आवृत्ती वेगळी वाटते, ती बहुधा वेगळ्या मास्टरिंगमुळे, म्हणजे अल्बम प्रसिद्ध होण्यापूर्वी आवाजावर होणाऱ्या अखेरच्या प्रक्रियेमुळे. मेटालिका या बँडच्या २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बमचा आवाज सीडीवर इतका दाबलेला (हळू-मोठ्या आवाजातला फरक कमी केलेला) होता की तो फाटत असे, आणि त्याच गाण्यांची ‘गिटार हिरो’ या खेळातील आवृत्ती अनेकांना अधिक मोकळी वाटली. म्हणून कोल्हापुरातल्या राजारामपुरीत बसून फाइल विकत घेताना किलोहर्ट्झच्या आधी मास्टरिंग कोणत्या वर्षीचे आहे, हे तपासावे. नव्या, दाबलेल्या २४ बिट फाइलपेक्षा जुनी, मोकळी सीडी मी निःसंकोच निवडेन.