साधा ओपन-फेस की पाइनॲपल? तेच पाच पत्ते, मांडणी वेगळी

"राण्यांची जोडी आली की सरळ वर ठेव." ओपन-फेस चायनीज पोकर, म्हणजे पत्ते उघडे मांडत तीन ओळी रचायचा खेळ, शिकणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. देणारा बहुतेक वेळा पाइनॲपल हा त्याचा दुसरा प्रकार खेळलेला असतो आणि ऐकणारा साधा प्रकार खेळायला बसलेला असतो. मग तिसऱ्या-चौथ्या पत्त्यावरच हात बाद होण्याच्या वाटेला लागतो आणि दोष नशिबाला जातो.

साधा प्रकार तुम्हाला येतो असं धरून चालतो. खाली पाच, मध्ये पाच, वर तीन. खालचा हात मधल्यापेक्षा आणि मधला वरच्यापेक्षा कमी भरला की हात बाद. एकदा ठेवलेला पत्ता हलवायचा नाही. पहिले पाच एकदम मिळतात, नंतर एकेक करून आठ. पाइनॲपलमध्ये पाचनंतर चार फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीत तीन पत्ते मिळतात, त्यातले दोन ठेवायचे आणि एक पालथा टाकायचा.

किरकोळ फरक उरकून टाकू. साधा प्रकार चौघांत खेळता येतो, पाइनॲपल तिघांतच, कारण प्रत्येकी 17 पत्ते लागतात आणि चौघांचे 68 होतात. फँटसीलँडला गेलात (वर राण्यांची किंवा मोठी जोडी लावून हात बाद न होता पुरा केला की मिळणारं बक्षीस), तर पुढच्या डावात साध्यात 13 पत्ते एकदम मिळतात, पाइनॲपलमध्ये 14. बोनस गुण दोन्हीकडे सारखेच: वर छक्क्यांच्या जोडीला 1, राण्यांना 7, एक्क्यांना 9. आणि तीन पत्तीवर वाढलेल्यांनो, वरच्या तीन पत्त्यांत सिक्वेन्स किंवा कलर मोजत नाहीत. तिथे ट्रेल, जोडी नाहीतर नुसता मोठा पत्ता. हे दोन्ही प्रकारांत तसंच आहे आणि तरीही दर वेळी सांगावं लागतं.

खरा घोळ त्या टाकायच्या पत्त्याचा. "पाइनॲपलमध्ये जास्त पत्ते बघायला मिळतात" एवढंच सगळे सांगतात. ते खरं आहे. समजा पहिल्या पाचांत इस्पिकचे तीन आले आणि ते तुम्ही खाली मांडले. फ्लशला, म्हणजे ओळीतले पाचही पत्ते इस्पिक व्हायला, आणखी दोन इस्पिक हवेत. साध्या खेळात पुढच्या आठ पत्त्यांत ते येण्याची शक्यता सुमारे 55 टक्के, पाइनॲपलच्या बारा पत्त्यांत 80 टक्के. चार इस्पिक हातात असतील तर 84 आणि 95. म्हणजे अर्धवट फ्लश जितका कच्चा, तितका दोन खेळांमधला फरक मोठा. "तीन एका रंगाचे आले की खाली" हा नियम पाइनॲपलमध्ये बिनधास्त चालतो. साध्यात तो जवळजवळ नाणेफेक आहे.

पण सांगायचं राहून जातं ते पुढचं. साध्या खेळात नको असलेला पत्तासुद्धा कुठेतरी ठेवावाच लागतो. दोन इस्पिकांसाठी खालच्या दोन जागा शेवटपर्यंत राखल्या, तर बाकीचे सहा पत्ते जसे येतील तसे मध्ये आणि वर कोंबायचे. शेवटच्या पत्त्याला तर एकच जागा उरलेली असते, तिथे निवड कसली? पाइनॲपलमध्ये तुम्ही चार नकोसे पत्ते फेकून देता आणि शेवटच्या फेरीतही तिनांतून दोन निवडता. म्हणून साध्यात पहिले पाच मांडताना मी आधी हे बघतो की वाईट पत्ता आला तर तो कुठे जाईल. चांगला पत्ता काय करेल, हा प्रश्न नंतरचा.

एक हात घेऊ: इस्पिकचा गुलाम, अठ्ठी, तिर्री आणि नव्व्यांची जोडी, एक बदामाची, एक चौकटची. पाइनॲपलमध्ये इस्पिक खाली, नव्व्या मध्ये, फार विचार करायचं कारण नाही. साध्यात तीच मांडणी केली आणि फ्लश हुकला, तर खालच्या ओळीला निदान नव्व्यांवर मात करावी लागते. एका पत्त्यात ते काम फक्त दुसरा गुलाम करतो. त्यापेक्षा मी नव्व्या खाली ठेवतो, गुलाम-अठ्ठी मध्ये, तिर्री वर. दिसायला ही मांडणी अगदी मिळमिळीत, आणि पाइनॲपलवाले हसतात. हसू देत. नव्व्यांऐवजी दुर्रीची जोडी असती तर मात्र साध्यातही ती मध्ये ठेवून इस्पिक खाली लावले असते, कारण तिथे गुलाम, अठ्ठी, तिर्री यांपैकी कशाचीही जोडी जमली तरी खालची ओळ सावरते. जोडी लहान, तर तिच्या खाली फ्लशचा जुगार स्वस्त.

आता त्या राण्या. इस्पिक आणि किलवरची राणी, सोबत बदामाची नव्वी, पंजी, दुर्री. राण्या वर ठेवल्या की मधल्या ओळीला किमान राजांची जोडी, एक्क्यांची जोडी किंवा दोन जोड्या लागतात, आणि खालच्या ओळीला त्याच्याही वर जावं लागतं. पाइनॲपलमध्ये तीन बदाम खाली असतील तर मी हा धोका पत्करतो. राण्यांसोबतचे तीन पत्ते विस्कळीत असतील, तर तिथेही नाही. साध्यात राण्या खाली. आठ सक्तीच्या पत्त्यांत दोन ओळी राण्यांच्या वर चढवायची हौस ज्याला असेल, त्याने खुशाल करावी.

एकटी राणी वर ठेवून दुसरीची वाट बघणं हा मधला मार्ग. दुसरी राणी येण्याची शक्यता साध्यात 44 टक्के, पाइनॲपलमध्ये 60. मात्र समोरच्याने आधी मांडलेल्या पाचांत एक राणी दिसली तर हेच आकडे 35 आणि 49 वर येतात. तरी लोक स्वतःच्याच पत्त्यांकडे बघत बसतात, उघडे मांडलेले पत्ते कोणासाठी आहेत देव जाणे. अशा वेळी हातात राजा असेल आणि समोर राजा दिसत नसेल, तर पाइनॲपलमध्ये राजा वर, राणी मध्ये.