संप्रेरकपूरके व उत्तेजकविरोधी नियम

संप्रेरके म्हणजे हार्मोन. ती स्वतः, किंवा शरीरात गेल्यावर ज्यांची संप्रेरके बनतात अशी द्रव्ये, गोळी, पावडर वा इंजेक्शनच्या रूपात बाहेरून घेतली की त्यांना संप्रेरकपूरके म्हणतात. टेस्टोस्टेरॉन, शरीरात टेस्टोस्टेरॉन बनवायला लागणारे डीएचईए, वाढ संप्रेरक, रक्तातील तांबड्या पेशी वाढवणारे ईपीओ, इन्शुलिन ही त्यांतली प्रमुख नावे. जागतिक उत्तेजकविरोधी (डोपिंगविरोधी) संस्था अर्थात वाडा (स्थापना १९९९) दरवर्षी १ जानेवारीपासून जी निषिद्ध यादी लागू करते, तिच्यात ही सर्व द्रव्ये स्पर्धेच्या काळात आणि स्पर्धेबाहेरही वर्ज्य आहेत. प्रत्येक संप्रेरक मात्र निषिद्ध नाही. थायरॉइडची गोळी, मेलाटोनिन आणि गर्भनिरोधक गोळ्या चालतात.

नाशिक जिल्ह्याला हा विषय जवळचा आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. चांदवड तालुक्यातील दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरले. त्यांच्यामागून पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडची मुले-मुली पहाटे धावायला बाहेर पडतात. घरी नाचणीची भाकरी खाऊन मोठ्या झालेल्या या मुलांपुढे कुणीतरी पावडरचा डबा ठेवतो. डब्यावरचे बारीक इंग्रजी वाचून सांगणारे जवळ कुणी नसते. धोक्याची सुरुवात बहुधा इथेच होते.

नियमाचा गाभा कठोर आहे. लघवीच्या किंवा रक्ताच्या नमुन्यात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. 'मला माहीत नव्हते', 'प्रशिक्षकांनी दिले', 'डॉक्टरांनी लिहून दिले' यांनी दोष पुसला जात नाही, फार तर शिक्षा कमी होते. स्टेरॉइडसाठी, म्हणजे टेस्टोस्टेरॉन व त्यासारख्या स्नायू वाढवणाऱ्या द्रव्यांसाठी, मूळ बंदी चार वर्षांची. हेतू नव्हता हे सिद्ध केले तर ती दोन वर्षांवर येते, आणि भेसळयुक्त पूरकाचा ठोस पुरावा दिला तर त्याहूनही खाली. धावपटूच्या आयुष्यात चार वर्षे म्हणजे बहुतेकदा अख्खी कारकीर्द. भारतात तपासणी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था अर्थात नाडा करते. २००५ साली स्थापन झालेल्या या संस्थेला २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने वैधानिक आधार मिळाला.

लेबल खरे असेलच असे नाही. २००० ते २००१ मध्ये जर्मनीतील कोलोनच्या उत्तेजक-चाचणी प्रयोगशाळेने १३ देशांत विकत घेतलेली ६३४ पूरके तपासली, तेव्हा ९४ पूरकांत, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांत, वेष्टनावर न लिहिलेली स्टेरॉइडसदृश द्रव्ये निघाली. भारतात आहारपूरकांत संप्रेरके वा स्टेरॉइड घालण्यास अन्न सुरक्षेच्या नियमांनी मनाई आहे, पण अमेरिकेत डीएचईए आहारपूरक म्हणून उघड विकले जाते आणि ऑनलाइन मागवलेला डबा नाशिकला घरपोच येतो. २०११ मध्ये भारताच्या ४ × ४०० मीटर रिलेतील धावपटू महिला स्टेरॉइड चाचणीत सापडल्या. दोष जिनसेंगच्या पूरकाचा असल्याचे त्यांनी सांगितले, तरी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने पुढच्या वर्षी त्यांची बंदी एक वर्षावरून दोन वर्षांवर नेली.

दवाखान्यातूनही चूक घडते. वंध्यत्वावर सर्रास दिले जाणारे क्लोमिफिन व लेट्रोझोल ही संप्रेरकांवर परिणाम करणारी दोन्ही औषधे निषिद्ध आहेत. मधुमेही खेळाडूला इन्शुलिनसाठी उपचारार्थ सूट मिळते, पण ती आधी मागावी लागते. म्हणून 'मी स्पर्धेत उतरतो, माझी डोप चाचणी होते' हे वाक्य डॉक्टरांपुढे सर्वांत आधी बोलावे.

शरीराची किंमत वेगळीच. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की मेंदूलगतची पिट्युटरी ग्रंथी वृषणांना दिले जाणारे आदेश थांबवते. वृषणे आक्रसतात आणि शुक्रजंतू घटतात. मुलींचा आवाज घोगरा होतो, तो बहुधा परत येत नाही. किशोरवयात हाडांची वाढ वेळेआधी थांबू शकते. ईपीओने रक्त दाट होऊन गुठळ्या होतात, आणि इन्शुलिनचा डोस चुकला तर साखर उतरून जीव जाऊ शकतो.

पूरक घ्यायचेच असेल, तर ज्याच्या प्रत्येक बॅचची उत्तेजकांसाठी चाचणी होते तेच घ्यावे. पावती आणि त्याच बॅचचा एक न उघडलेला डबा जपून ठेवावा. उद्या चाचणीत काही निघाले, तर भेसळ सिद्ध करायला तोच डबा कामी येतो.