दशमांश

उत्पन्नाचा दहावा भाग देवाप्रीत्यर्थ वेगळा काढून उपासनास्थळ, धर्मसेवक व गरजू यांच्यासाठी देण्याची ज्यू आणि ख्रिस्ती प्रथा. मराठी पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) ‘दशमांश’ व ‘दशांश’ अशी दोन्ही रूपे आढळतात. मंडळीत (ख्रिस्ती उपासकांच्या समूहात) बोलताना ‘दशमांश काढणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे आणि तो अचूकही आहे, कारण प्रथेचा कणा देण्याइतकाच वेगळा काढण्यात आहे. मूळ हिब्रू शब्द ‘मासेर’, ग्रीक ‘देकाते’. प्रथमफळ, नवसाचे अर्पण व स्वखुशीचे अर्पण यांहून दशमांश वेगळा. त्याचे प्रमाण ठरलेले असते. बाकीच्यांचे मोशेच्या नियमशास्त्रात ठरवून दिलेले नाही.

उगम : याविषयी मतभेद आहेत. दहावा हिस्सा घेण्याची चाल इस्राएलच्या शेजारीही होती. सिरियाच्या किनाऱ्यावरील उगारित येथे सापडलेल्या, इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकांतील मृत्तिकापट्टांत ‘मासेर’च्याच धातूपासून झालेला शब्द गावांनी राजाला द्यायच्या धान्य-तेलाच्या करासाठी येतो. उलट बॅबिलोनियात सिप्पार व उरुक येथील मंदिरांच्या, साधारणपणे इ.स.पू. सहाव्या शतकातील हिशेबांत ‘एश्रू’ नावाचा दशमांश देवळात जमा झालेला दिसतो. म्हणून काही अभ्यासक दशमांशाला मुळात राजाचा कर मानतात, तर काही देवस्थानाची भेट. पवित्र शास्त्रातही दोन्ही धागे आहेत. पहिल्या शमुवेलाच्या आठव्या अध्यायात राजा धान्याचा, द्राक्षांचा व मेंढरांचा दहावा हिस्सा घेईल असा इशारा आहे; उत्पत्ती २८ मध्ये याकोब बेथेल येथे देवाला दशमांशाचा नवस करतो. इ.स.पू. आठव्या शतकातील संदेष्टा आमोस बेथेलच्या दशमांशाचा उल्लेख करतो आणि त्याच ग्रंथात बेथेलला राजाचे पवित्रस्थान म्हटले आहे. तिथे तरी राजाचा हिस्सा आणि देवाचा हिस्सा यांमध्ये रेघ ओढता येत नाही. दोन्ही मतांपैकी एकच निवडण्यापेक्षा हे मिश्रण मान्य करणे पुराव्याला अधिक धरून आहे.

सर्वांत जास्त उद्धृत होणारा प्रसंग उत्पत्ती १४ मधला आहे. लढाईहून परतणारा अब्राम शालेमचा राजा व याजक मलकीसदेक याला सगळ्याचा दशमांश देतो. हिब्रू वाक्यात कर्ता सांगितलेला नाही; ‘त्याने त्याला दिला’ इतकेच आहे. देणारा अब्राम, हा अर्थ इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायाने पक्का केला आणि संदर्भाला तोच जुळतो. मात्र तो दशमांश एकदाच दिलेला होता, तोही लुटीतून. दरसाल कमाईतून द्यायचा नियम या प्रसंगातून काढता येत नाही, जरी तसा तो काढला जातो.

नियमशास्त्रातील तीन विधाने : लेवीय २७ प्रमाणे जमिनीचे पीक व झाडाचे फळ यांचा दशमांश परमेश्वराचा, तो पैसे देऊन सोडवायचा तर वर पाचवा हिस्सा भरावा लागे. गणना १८ मध्ये दशमांश लेव्यांना (पवित्रस्थानाची सेवा करणाऱ्या वंशाला) दिला आहे, कारण त्यांना जमिनीचे वतन नव्हते. लेव्यांनी त्यातला दहावा भाग, म्हणजे मूळ उत्पन्नाचा शंभरावा, याजकाला द्यायचा. अनुवाद १४ मध्ये चित्र एकदम पालटते. तिथे दशमांश देणाराच आपल्या घरच्यांसह परमेश्वरासमोर तो खातो, लेव्याला सोबत घेतो, आनंद करतो. पवित्रस्थान लांब असेल तर माल विकून रुपे हातात बांधून न्यायचे आणि तिथे हवे ते घ्यायचे. दर तिसऱ्या वर्षी मात्र तो सगळा गावातच ठेवायचा : लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावे म्हणून.

या तीन विधानांचा मेळ कसा घालायचा? ऐतिहासिक चिकित्सा करणारे अभ्यासक त्यांना वेगवेगळ्या काळांतील नियम मानतात. रब्बींनी (ज्यू धर्मशिक्षकांनी) ती एकत्र बसवली आणि सात वर्षांचे चक्र केले. पहिला दशमांश (मासेर रिशोन) लेव्याला. दुसरा (मासेर शेनी) पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या व पाचव्या वर्षी यरुशलेमेत खाण्यासाठी. तिसऱ्या व सहाव्या वर्षी दुसऱ्याच्या जागी गरिबांचा (मासेर आनी). सातव्या वर्षी जमीन पडीक, म्हणून काहीच नाही. तोबिताच्या पुस्तकात व इतिहासकार जोसेफसच्या लेखनात मात्र गरिबांचा दशमांश तिसऱ्या वर्षी वेगळा, जास्तीचा धरलेला दिसतो.

रब्बींच्या रीतीने हिशेब असा. १०० माप धान्य झाले. आधी याजकाचा उचललेला वाटा, तेरुमा. मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहाप्रमाणे उदार माणूस चाळिसावा, मध्यम पन्नासावा व हात आखडणारा साठावा हिस्सा देतो. मध्यम धरले तर २ माप गेले, ९८ उरले. त्याचा पहिला दशमांश ९.८, उरले ८८.२. त्याचा दुसरा दशमांश ८.८२, घरात राहिले ७९.३८. ‘दोन दशमांश म्हणजे वीस टक्के’ हे ढोबळ विधान म्हणूनच चुकते : प्रत्येक वाटा आधीचा वजा करून काढला जातो.

जनावरांची रीत निराळी. मिश्नातील वर्णनानुसार नवी पिले कोंडवाड्यात घालतात आणि दोन एकदम निसटणार नाहीत इतके अरुंद दार ठेवतात. काठीखालून एकेक जाते तसे मोजायचे, दहाव्याला लाल रंगाची खूण करायची आणि ‘हा दशमांश’ म्हणायचे. चांगले-वाईट निवडायचे नाही, बदलायचे नाही. मोजणी चुकली तर? नवव्याला ‘दहावा’, दहाव्याला ‘नववा’ आणि अकराव्याला ‘दहावा’ म्हटले गेले, तर तिन्ही पवित्र ठरतात. चुकीचा फायदा मालकाला मिळू नये, अशी ही रचना आहे.

दशमांशाची प्रार्थना : देणे आणि उपासना यांचा सांधा सर्वांत स्पष्ट दिसतो तो अनुवाद २६ मध्ये. तिसऱ्या वर्षाचा दशमांश देऊन झाल्यावर देणारा देवासमोर जबानी देतो : पवित्र वाटा मी घरातून बाहेर काढला आहे, तो लेवी, परदेशी, अनाथ व विधवा यांना दिला आहे, शोकात असताना त्यातले खाल्ले नाही, अशुद्ध असताना काढले नाही, मृतासाठी दिले नाही. मग एकच मागणे : स्वर्गातून खाली पाहा आणि तुझ्या लोकांना व या भूमीला आशीर्वाद दे. आधी हिशेब आणि नंतर विनंती, हा क्रम महत्त्वाचा. पुढे योहानान या महायाजकाने ही जबानी बंद केली असे मिश्ना सांगते. हा बहुधा हिर्कानस पहिला (कारकीर्द इ.स.पू. १३५ ते १०४) असावा. कारण तालमूद या मिश्नावरील भाष्यग्रंथात दिले आहे : दशमांश लेव्यांना मिळेनासा झाला होता, तेव्हा ‘लेव्याला दिला’ हे देवासमोर खोटे ठरले असते. खोटे बोलायला लावण्यापेक्षा प्रार्थनाच थांबवली, यावरून ती किती गंभीरपणे घेतली जात होती ते कळते.

दशमांश थकण्याची उदाहरणे पवित्र शास्त्रात लपवलेली नाहीत. नहेम्या १३ मध्ये लेव्यांचे वाटे न मिळाल्याने ते सेवा सोडून आपापल्या शेतांवर गेले. नहेम्याने त्यांना परत आणले आणि कोठारांवर विश्वासू म्हणून नाव असलेले चौघे नेमले. मलाखी ३ मधील भांडाराचे प्रसिद्ध वचन (सगळा दशमांश भांडारात आणा, म्हणजे आशीर्वादाचा वर्षाव होईल) याच काळाच्या आसपासचे आहे. आज ते वैयक्तिक भरभराटीच्या आश्वासनासारखे वापरले जाते. तिथले ‘भांडार’ मात्र मंदिरातले खरेखुरे धान्यकोठार होते आणि त्याच अध्यायात काही ओळी आधी मजुराची मजुरी बुडवणारे व विधवा-अनाथांना गांजणारे यांच्यावर आरोप आहे. दोन्ही एकत्र वाचले पाहिजेत.

नवा करार व आरंभीची मंडळी : पुदिना, शेप व जिरे यांचाही दशमांश देऊन न्याय, दया व विश्वास सोडणाऱ्यांना येशू दोष देतो; हे करायचे होते आणि तेही सोडायचे नव्हते, असे तो म्हणतो. यावरून दशमांश कायम राहिला असे काही मानतात; ते शब्द नियमशास्त्राखालील लोकांना उद्देशून होते असे इतर म्हणतात. दुसरा पक्ष अधिक सबळ वाटतो, कारण पत्रांत मंडळ्यांना दशमांशाची आज्ञा कुठेच नाही. पौल १ करिंथ १६ मध्ये सांगतो ते असे : आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने, मिळकतीच्या मानाने. ही वर्गणी यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी होती. मंदिराच्या दानपेटीत विधवेने टाकलेल्या दोन टोल्या (अगदी हलकी नाणी) तर एका दिवसाच्या मजुरीच्या साधारण चौसष्टाव्या भागाइतक्या होत्या. येशूने मोजमाप मागे काय उरले यावरून केले.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर रविवारच्या उपासनेचे वर्णन करतो : वाचन, बोध, उभे राहून प्रार्थना, भाकर व द्राक्षारस, आणि ऐपत असेल त्याने इच्छेप्रमाणे दिलेले अध्यक्षाकडे जमा होते. त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परके यांची सोय केली जाई. बिशप आयरेनियसचे म्हणणे, ज्यूंनी दहावा भाग दिला, ख्रिस्ती माणूस सर्वस्व प्रभूच्या कामी ठेवतो. ख्रिस्ती लेखक टर्टुलियन महिन्याच्या ऐच्छिक वर्गणीविषयी लिहितो आणि सक्ती नसल्याचे आवर्जून सांगतो.

सक्तीचा काळ : ५६७ मध्ये आजच्या फ्रान्समधील तूर येथील बिशपांच्या पत्राने दशमांशाचा आग्रह धरला. ५८५ च्या माकोन धर्मसभेने न देणाऱ्याला बहिष्कृत करण्याचे ठरवले. ७७९ मध्ये फ्रँक राजा शार्लमेनच्या हेर्स्टाल फर्मानाने तो राज्याचा कायदा झाला. नुकत्याच जिंकलेल्या, मध्य युरोपातील आवार लोकांवर तो लादू नये, श्रद्धा गमावण्यापेक्षा दशमांश गमावलेला बरा, असे त्याचा सल्लागार अल्क्विन याने ७९६ मध्ये कळवले. पूर्वेकडील बायझंटाइन परंपरेत असा सार्वत्रिक सक्तीचा दशमांश रुजला नाही. कीव्ह येथे ९९६ मध्ये पूर्ण झालेले ‘दशमांशाचे चर्च’ राजा व्लादिमीरने दिलेल्या दहाव्या हिश्शावर चाले. इथिओपियाच्या चर्चमध्ये ‘अस्रात’ या नावाने प्रथा आहे.

पश्चिमेत जमिनीचा, जनावरांचा व वैयक्तिक कमाईचा असे तीन प्रकार झाले. शेतात दहावी पेंढी बाजूला ठेवली जाई; लोकर कातरताना दहावी लोकर. जमिनीच्या दशमांशात बियाणे व मजुरी वजा होत नसे, वैयक्तिक कमाईत खर्च वजा होई. ‘एकूण पगारावर की हाती येणाऱ्यावर’ हा आजचा प्रश्न या फरकाचाच वारस आहे. खर्च न धरता उत्पादनावर हिस्सा गेल्याने जमीन सुधारणाऱ्यालाच जास्त भार पडे; तंट्यांचे मोठे कारण हेच.

चर्चच्या उत्पन्नाचे चार वाटे करण्याचा दंडक पाचव्या शतकाच्या अखेरीपासून होता : बिशप, धर्मगुरू, इमारत व गरीब. सर्वांत आधी कोणता वाटा बुजला याबद्दल शंका राहत नाही. दशमांशाचे हक्क मठांकडे व सरदारांकडे गेले आणि इंग्लंडमध्ये मठ बरखास्त झाल्यावर (१५३६ ते १५४०) ते बऱ्याच अंशी जमीनदारांच्या हाती पडले. गरिबांचा चौथा हिस्सा कागदावरही उरला नाही. थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात केलेला भेद इथे उपयोगी आहे : सेवकांचे पोषण करणे हा निसर्गनियम, पण ‘दहावा’ हा आकडा चर्चने ठरवलेला. फ्रान्समध्ये १७८९ मध्ये दशमांश रद्द झाला. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने मालाऐवजी गहू, जव व ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर रोख आकार आला आणि १९३६ मध्ये तोही संपवण्यात आला. जर्मनीतील चर्च-कर दशमांश नव्हे. तो आयकराच्या रकमेवर ८ किंवा ९ टक्के असतो. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत (नियम २२२) चर्चच्या गरजा भागवणे व गरिबांना साहाय्य करणे ही कर्तव्ये आहेत, टक्केवारी नाही.

आजची रीत : ऐच्छिक दशमांश आज मुख्यतः प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळला जातो. कमाई हाती आली त्याच दिवशी, कोणताही खर्च करण्याआधी रक्कम वेगळी काढतात, वहीत नोंदवतात आणि घरच्यांसह थोडक्यात आभारप्रार्थना करतात. महिनाअखेरीला उरेल त्यातून द्यायचे ठरवले की उरत नाही. व्यापाऱ्याने विक्रीवर नव्हे, नफ्यावर काढावा. विक्रीवर काढणाऱ्याचे भांडवल झिजते. ठेव मोडली तर केवळ वाढीवर, कारण मुद्दलाचा आधीच निघालेला असतो. अनियमित कमाई असणाऱ्याने रकमेचा आकडा न ठरवता प्रमाण ठरवावे. कर्जाचा हप्ता थकवून दिलेला दशमांश हे दुसऱ्याचे पैसे देणे होय. सर्वांना सारखे दहा टक्के हे प्रमाणही सारखे जड नसते : तुटपुंज्या कमाईतून दहावा भाग गेला की जेवणातून जातो, भरपूर कमाईतून गेला तर कळतही नाही. म्हणून दहावा हा श्रीमंतासाठी शेवट नव्हे, सुरुवात मानावी.

मंडळीच्या बाजूने चुका बहुधा मोजणीत व खात्यात होतात. पिशवी किंवा थाळी वेदीपाशी आणून तिच्यावर प्रार्थना झाल्यावर ती एकट्याच्या हाती जाऊ नये. नात्यात नसलेल्या दोघांनी इमारत सोडण्याआधी मोजावी, रोख व धनादेश वेगळे लिहून दोघांनी सही करावी आणि पुढच्या कामकाजाच्या दिवशी बँकेत भरावी. पाळकाने मोजणीत बसू नये. कोण किती देतो हे त्याला माहीत झाले की भेटीगाठींवर त्याचा परिणाम होतो. विशिष्ट कामासाठी आलेले अर्पण त्याच कामी लावावे. गरिबांसाठीचा भाग सर्वसाधारण खात्यात राहिला तर छपराची दुरुस्ती किंवा वीजबिल तो गिळते, आणि त्यात कुणाची लबाडी नसते. त्याचे खाते वेगळे असावे, शिल्लक दरमहा मंडळीसमोर वाचली जावी, आणि वर्ष सरताना त्यात मोठी रक्कम पडून असेल तर ती साठवण नसून न दिलेला वाटा आहे असे धरून वाटून टाकावी.