हॅटफील्ड–मकॉय ट्रेल्स

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिणेला, अ‍ॅपलाचियन डोंगरांतल्या जंगलांमधून एटीव्ही (कच्च्या वाटांवर चालणाऱ्या फुगीर टायरांच्या छोट्या चारचाकी), साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी बसायच्या तशाच गाड्या) आणि मोटरसायकली चालवण्यासाठी आखलेल्या वाटांचे जाळे. एकूण लांबी १,६०० किमी.हून अधिक. राज्य विधिमंडळाने १९९६ मध्ये यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापले आणि पहिल्या वाटा २००० साली खुल्या झाल्या. टग फोर्क नदीच्या दोन तीरांवर एकोणिसाव्या शतकात पिढीजात वैर धरलेल्या हॅटफील्ड आणि मकॉय या घराण्यांवरून हे नाव पडले.

हा कोळशाचा मुलूख. खाणींत यंत्रे आली, माणसे कमी झाली, गावे ओस पडू लागली. डोंगरांत मात्र कोळसा आणि लाकूड वाहण्यासाठी काढलेले जुने कच्चे रस्ते उरले होते. स्थानिक पोरे त्यांवर चोरूनमारून गाड्या फिरवतच होती. जमीन बहुतांशी खाण, लाकूड व जमीनदार कंपन्यांची. कोणी पडून हातपाय मोडले तर दावा आपल्यावर येईल, ही त्यांची धास्ती. कायद्याने ही जोखीम प्राधिकरणाकडे घेतली, तेव्हा कंपन्या राजी झाल्या. या प्रकल्पातली खरी करामत गाडीपेक्षा या करारात आहे.

गाडीचा इतिहास तसा लहान. होंडाने १९७० च्या सुमारास फुगीर टायरांची तीनचाकी आणली. ती सहज उलटत असे. १९८८ मध्ये सरकारशी झालेल्या समझोत्यानंतर अमेरिकेत नव्या तीनचाकींची विक्री थांबली. तोवर सुझुकीची चारचाकी बाजारात आलेली होती. आजची एटीव्ही घोड्यासारखी मांड टाकून चालवतात. हँडल दुचाकीसारखे, थ्रॉटल (वेग वाढवण्याची कळ) अंगठ्याने दाबायचा, टायरांत हवा अगदी कमी, म्हणजे रबर दगडावर बसते. चालवणाऱ्याचे वजन हाही गाडीचाच भाग. चढावर पुढे झुकायचे, उतारावर मागे सरकायचे, आडव्या उतारावर अंग डोंगराच्या बाजूला टाकायचे. चढावर मध्येच गाडी बंद पडली, तर ब्रेक धरून डोंगराच्या अंगाला उतरावे. मागे घरंगळू दिली की ती उलटते आणि अंगावर येते. साइड-बाय-साइडला स्टिअरिंग, सीट बेल्ट आणि डोक्यावर लोखंडी सांगाडा असतो. लोणावळा-पाचगणीकडे पर्यटकांना भाड्याने मिळणाऱ्या एटीव्ही छोट्या आखीव ट्रॅकवर फिरतात. तेवढ्या अनुभवावर इथली काळी, म्हणजे अवघड, वाट धरू नये.

वाटांना रंग आहेत : हिरवी सोपी, निळी मध्यम, काळी अवघड. परवाना विकत घ्यावा लागतो, हेल्मेट सक्तीचे, दारूला मनाई, आणि एका माणसासाठी बनवलेल्या गाडीवर एकच माणूस. अरुंद वळणावर समोरून कोणी आले, तर मागे आणखी किती गाड्या आहेत ते बोटांनी दाखवण्याची चालकांत रीत आहे. वळलेली मूठ म्हणजे ‘मीच शेवटचा’. पाऊस पडला की चाकोऱ्यांतून पाणी धावते आणि माती वाहून नेते, म्हणून वाटांची डागडुजी सतत करावी लागते. आवाज आणि मातीची धूप हे आक्षेप रास्त आहेत. पण हे डोंगर खाणकामाने आधीच पोखरलेले आहेत, हेही खरे.

जाळे अनेक स्वतंत्र भागांत विभागलेले आहे. त्यांतल्या बफेलो माउंटन भागातून मेटवानला उतरता येते. १९२० मध्ये खाणकामगारांची बाजू घेणारे आणि कंपनीचे भाडोत्री हेर यांच्यात गोळीबार झाला, तेच हे गाव. पोकाहॉन्टस भागाजवळचे ब्रॅमवेल एकेकाळी कोळशावर गब्बर झालेल्यांच्या हवेल्यांसाठी प्रसिद्ध होते. अशा अनेक गावांत एटीव्ही थेट पेट्रोल पंपापर्यंत आणि मुक्कामाच्या दारापर्यंत नेता येते. लॉज, खानावळी, गॅरेज असे धंदे त्यातून उभे राहिले. खाणीइतका रोजगार त्यांतून मिळत नाही.

वाटा वर्षभर खुल्या असतात. तरी जमीन आजही कंपन्यांचीच आहे. कुठे खाणकाम, झाडतोड किंवा वायूविहिरीचे काम निघाले की वाट बंद होते किंवा वळवली जाते, तेव्हा जुना नकाशा घेऊन निघालेल्याची फजिती होते.