परीक्षक टेबलापाशी येण्याआधीची शंभरेक वर्षं

दिवाळीची सुट्टी संपली की सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांत विज्ञान प्रदर्शनाची चर्चा सुरू होते. आधी अकरा तालुक्यांची प्रदर्शनं, मग जिल्ह्याचं. मुख्य विषय, उपविषय, सहावी ते आठवीचा एक गट, त्यावरच्या वर्गांचा दुसरा. विज्ञानाच्या बाई वर्गात विचारतात, "कोण कोण भाग घेणार?" आणि घरोघरी थर्माकोल, पुठ्ठा, सलाईनच्या नळ्या, सुई काढलेल्या सिरिंजा गोळा व्हायला लागतात. सिरिंजांवर चालणारा जेसीबी नाही असं प्रदर्शन मी तरी अजून पाहिलेलं नाही.

मी आठवीत असताना आमची पवनचक्की घरी झकास फिरत होती. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर सात शाळांच्या वायरी होत्या. परीक्षक आले आणि बोर्ड गेला. "फिरत नाही का?" एवढंच विचारून ते पुढे गेले. पंख्यांचा कोन आम्ही चार वेळा का बदलला, हे सांगायचं राहूनच गेलं. मुलानं काहीतरी दाखवायचं की काहीतरी शोधायचं, हा घोळ त्या हॉलमधला नव्हे. तो या स्पर्धेच्या जन्मापासूनचा आहे.

सोलापूरकराला प्रदर्शन म्हटलं की जानेवारी आठवतो. सिद्धरामेश्वरांची यात्रा, नंदीध्वज, होम मैदानावरचा गड्डा म्हणजे यात्रेतली जत्रा, पाळणे आणि यात्रेच्या निमित्तानं भरणारं कृषी प्रदर्शन. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या सायन्स फेअरचं कुळही असंच जत्रेतलं. न्यूयॉर्कमध्ये 1828 साली स्थापन झालेली अमेरिकन इन्स्टिट्यूट यंत्रं, शेतमाल, कारागिरी यांचे मेळे भरवायची. त्याच संस्थेनं 1928 मध्ये मुलांसाठी विज्ञानाचा मेळा सुरू केला. सायन्स फेअरमधला 'फेअर' हा शब्द अशा बाजारी मेळ्यांतून आलेला आहे.

त्याला शिस्त लावली ती सायन्स सर्व्हिस या संस्थेनं. ती 1921 ची, वृत्तपत्रमालक स्क्रिप्स आणि जीवशास्त्रज्ञ रिटर यांनी लोकांपर्यंत विज्ञान पोचवायला काढलेली. तिनं 1950 मध्ये फिलाडेल्फियात पहिला राष्ट्रीय मेळा भरवला. 13 स्थानिक मेळ्यांतून निवडून आलेली अवघी 30 मुलं तिथं होती. 1958 मध्ये जपान, कॅनडा, जर्मनीची मुलं आली आणि मेळा आंतरराष्ट्रीय झाला. प्रादेशिक मेळा जिंकायचा आणि तिथून थेट वरच्या फेरीत जायचं, ही तिथली शिडी. आपल्या तालुका-जिल्हा-राज्य शिडीची ती थोरली बहीण म्हणावी इतकं साम्य आहे. नियम मात्र कडक. माणसांवर किंवा प्राण्यांवर प्रयोग करायचा तर आधी समितीची परवानगी हवी. टेबलावर पाणी, रसायन, ज्योत ठेवायची नाही. हा नियम आपल्याकडे लागू केला तर अर्धा हॉल रिकामा होईल, ज्वालामुखीवाले तर दारातूनच परत.

दाखवणं आणि मोजणं यांतला फरक आपल्या जिल्ह्यानं एकदा एकाच दुपारी पाहिला होता. 22 जानेवारी 1898 चं खग्रास सूर्यग्रहण. करमाळा तालुक्यातल्या जेऊरजवळ अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल 40 फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे काव्हसजी नेगामवालाही आपला तंबू ठोकून होते. सूर्य पूर्ण झाकलेला राहणार होता तो जेमतेम दोन मिनिटं. बघणाऱ्यांच्या दृष्टीनं तो आभाळातला गड्डाच. कॅमेऱ्यामागच्या माणसांना मात्र त्या दोन मिनिटांत वर मान करायलाही फुरसत नव्हती. प्लेटा बदलायच्या, वेळ टिपायची, वर्णपट घ्यायचा. विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनाला भाषण करणाऱ्यांनी कधीतरी जेऊरचं नाव घ्यायला हरकत नाही.

आपल्याकडे या स्पर्धेला सरकारी रूप आलं ते स्वातंत्र्यानंतर. एनसीईआरटी, म्हणजे शालेय शिक्षणासाठीची केंद्राची परिषद, स्थापन झाली 1961 मध्ये. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी शिक्षण आयोगानं शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचं करा असं सांगितलं. विषय सक्तीचा करणं सोपं, पण प्रयोगशाळा आणणार कुठून? गावोगावच्या शाळांत एक कपाट आणि त्याची हरवलेली किल्ली, एवढीच प्रयोगशाळा होती. अशा वेळी प्रदर्शन कामाचं होतं. एका शाळेनं केलेलं उपकरण दहा शाळांना दिसतं आणि स्वस्तात दिसतं. एनसीईआरटीनं 1971 मध्ये दिल्लीत मुलांचं पहिलं राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन भरवलं. 1988 पासून त्याला जवाहरलाल नेहरूंचं नाव लागलं आणि आता ते राष्ट्रीय बाल वैज्ञानिक प्रदर्शनी म्हणून ओळखलं जातं. मधल्या काळात, 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं, वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरलं. तेव्हापासून उद्घाटनाच्या भाषणांना हुकमी वाक्य मिळालं.

महाराष्ट्रात या सगळ्याची सूत्रं नागपूरच्या राज्य विज्ञान शिक्षण संस्थेकडे राहिली. आपल्याकडची एक गोष्ट मला फार आवडते: मुलांबरोबर शिक्षकांचे शैक्षणिक साहित्याचे गट असतात, आणि प्रयोगशाळा सहायक व परिचरांनाही आपलं उपकरण मांडता येतं. वर्षभर बीकर धुणाऱ्या माणसाला त्या दिवशी स्वतःचं टेबल मिळतं.

गुण कसे द्यायचे, तेही एनसीईआरटीनं लिहून ठेवलंय. मुलांची स्वतःची सर्जनशीलता आणि कल्पकता 20 टक्के. नावीन्य, वैज्ञानिक विचार, हातकाम आणि उपयुक्तता यांना प्रत्येकी 15. कमी खर्च, टिकाऊपणा, ने-आण करण्याची सोय यांना 10. मांडणी आणि सादरीकरणाला उरलेले 10. आता हे आकडे समोर ठेवून आपल्याकडची तयारी बघा. फ्लेक्स, झालर, एलईडीची माळ आणि पाठ केलेलं "नमस्कार, मी आपणास माहिती देत आहे", सगळी धावपळ त्या शेवटच्या दहासाठी. वडिलांनी सुताराकडून करून आणलेलं मॉडेल तर हातकामाचे पंधराही सुताराच्याच खात्यात टाकतं. अनुभवी परीक्षकाचा पहिला प्रश्न म्हणूनच ठरलेला असतो: "यातलं तू काय केलंस?"

1993 पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली आणि गाडी दुसऱ्या रुळावर गेली. तिथं मॉडेलपेक्षा प्रकल्पाला मान. आपल्या परिसरातला प्रश्न घ्या, पाहणी करा, नोंदी ठेवा, निष्कर्ष मांडा. नंतर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर योजना आली. डिसेंबर 2008 मध्ये तिची सुरुवात झाली आणि पुढे शाळकरी मुलांना 5,000 रुपयांचा पुरस्कार मिळू लागला. तिच्या 'मानक' या नव्या रूपात निवडलेल्या कल्पनेसाठी 10,000 रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात येतात. अपेक्षा अशी की कल्पना रोजच्या अडचणीतून सुचलेली, मुलाची स्वतःची हवी, पुस्तकातला नेहमीचा प्रकल्प नको. पैसे खात्यावर आले की "आता यातून काय बनवायचं?" असं विचारणारे पालक भेटतात. कल्पना आधी पाठवलेली असते, हे तोवर विसरलेलं असतं.

म्हणजे आज सोलापुरातल्या मुलाकडून एकाच वर्षी तीन वेगवेगळ्या मागण्या असतात. प्रदर्शनात चालतं उपकरण, बालविज्ञान परिषदेत प्रश्न आणि नोंदी, इन्स्पायरला नवी कल्पना. तिन्हीकडे एकच पवनचक्की नेणारी शाळा हटकून फसते.

विषयांची इथं ददात नाही. उजनी धरण जिल्ह्यात असून शहरात नळाला रोज पाणी नाही. साठवलेल्या पाण्याचं काय होतं, हाच एक प्रकल्प आहे. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, त्याच बाजूला विज्ञान केंद्रही. आणि पूर्व भागात यंत्रमाग.

त्या भागातल्या दोन मुलींचं टेबल मला आठवतं. घरी तेलुगू, शाळेत मराठी बोलणाऱ्या. टेबलावर एक तक्ता आणि दोनशे पानी वही, बाकी काही नाही. मागाच्या खोलीत, दारात, गल्लीत आणि गल्लीच्या टोकाला आवाज किती, हे त्यांनी तीन आठवडे मोबाइलवर मोजलं होतं. शेजारच्या टेबलावर कारंजं उडत होतं, त्यामुळे गर्दी तिकडे. परीक्षकांनी वही चाळली आणि एका खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"त्या दिवशी शेजारचा कारखाना बंद होता सर. आकडा कमी आला. म्हणून सरासरीत धरला नाही."

परीक्षकांनी खुर्ची ओढून घेतली आणि वही पहिल्या पानापासून वाचायला लागले. शेजारच्या कारंज्याचं पाणी संपलं होतं, तिथला एक मुलगा बादली घेऊन नळाकडे पळाला.