खिशातल्या बॅटरीचा हिशेब

आमच्या गावच्या घरी, पावसाळा सोडला तर, ओटीच्या पायरीवर दुपारी दोन जाडे सेल हमखास उन्हात पडलेले असायचे. आजोबांच्या पितळी बॅटरीचे. उजेड पिवळा, मरतुकडा पडायला लागला की सेल बाहेर काढायचे, दोन दुपारी ऊन द्यायचं आणि परत आत घालायचे. मग गोठ्यापर्यंत जाऊन यायला पुरेल एवढा उजेड मिळायचा. मुंबईचे काका हसायचे. पण रसायनशास्त्र आजोबांच्या बाजूचं होतं.

त्या सेलांत जस्ताचं डबडं हेच ऋण टोक असतं आणि मधल्या कार्बनच्या कांडीभोवती मँगनीज डायऑक्साइडचा काळा गाळ दाबून भरलेला असतो. वीज ओढत राहिलं की अभिक्रियेत तयार झालेले पदार्थ जिथल्या तिथे साचतात, वाट अडवतात, आणि माल शिल्लक असूनही सेल दमतो. विश्रांती आणि ऊब मिळाली की साचलेलं पांगतं, विजेचा थोडा दाब परत येतो. ऊन सेलमध्ये नवी वीज भरत नाही. तळाशी उरलेली खरवडून देतं. (हा उद्योग मोबाइलमधल्या किंवा कुठल्याही लिथियम सेलवर करू नका. तिथे उष्णता जीव ओतत नाही, घेते.)

आपण टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतो आणि बॅटरीला ‘सेल’. विजेरी हा शब्द पुस्तकात राहिला. अंधारात कुणी ‘विजेरी मार’ म्हणत नाही. मला ही गल्लत नेमकी वाटते, कारण टॉर्च निवडताना खरा प्रश्न सेलचाच असतो. खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरांत ल्युमेन, म्हणजे एकूण उजेडाचं माप, छापलेले असतात, आणि आपण तेच बघतो.

पहिली हातातली नळकांड्याची बॅटरी डेव्हिड मिसेल यांनी अमेरिकेत केली. तिचं पेटंट १८९९ च्या जानेवारीत मंजूर झालं. त्या काळचे सेल आणि कार्बनच्या तारेचा दिवा यांना सलग उजेड झेपत नसे. क्षणभर लावायची, सोडायची, सेलला दम खाऊ द्यायचा. ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्यातूनच पडलं. पुढची शंभर वर्षं सगळं थोडंथोडं सुधारत गेलं, पण तार तापवून उजेड काढायचा ही मूळ उधळपट्टी तशीच राहिली. निळा एलईडी आला तेव्हा ती संपली. निळ्या एलईडीवर पिवळा उजेड देणाऱ्या फॉस्फर नावाच्या पदार्थाचा थर दिला की दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो. त्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बारक्या तारेच्या दिव्याला एका वॅटमागे दहाएक ल्युमेन मिळत; आज बऱ्यापैकी टॉर्चचा एलईडी शंभराच्या पुढे देतो.

आता हिशेब करू. हा एकदा जमला की खोक्यावरचे निम्मे दावे दुकानातच गळून पडतात.

रिमोटमध्ये घालतो तो साधा पेन्सिल सेल (एए) घ्या, रिचार्जेबल. दाब १.२ व्होल्ट, क्षमता २००० मिलिअँपिअर-तास, म्हणजे साठा २.४ वॅट-तास. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, म्हणून टॉर्चच्या डोक्यात दाब चढवणारं छोटं सर्किट असतं. त्याची दस्तुरी धरली तर हातात २ वॅट-तास उरतात. वॅटमागे १०० ल्युमेन धरले तर झाले २०० ल्युमेन-तास. एवढाच तुमचा पगार. १०० ल्युमेननं दोन तास खर्च करा, नाहीतर १० ल्युमेननं वीस तास. बोटाएवढा जाड तो १८६५० नावाचा लिथियम सेल (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी) दहा-अकरा वॅट-तास साठवतो, म्हणजे हजारएक ल्युमेन-तास. एका पेन्सिल सेलवर ‘१००० ल्युमेन, १० तास’ असं कुणी छापलं असेल, तर त्यानं पगाराच्या पन्नासपट उधारी सांगितली आहे. पथारीवर ‘९९०० एमएएच’ (मिलिअँपिअर-तास) लिहिलेले १८६५० सेल मिळतात तेही याच घराण्यातले. चांगल्या कंपनीचा त्या मापाचा सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. मी असा एक घेऊन मोजला होता. हजारही भरला नाही.

बरं, नावाजलेल्या कंपन्या खोटं बोलत नाहीत, पण खरं बोलण्याची त्यांची एक पद्धत आहे. एफएल-१ नावाचं अमेरिकी मानक बरेच जण पाळतात. त्यात ल्युमेन मोजायचे ते टॉर्च लावल्यावर साधारण अर्ध्या मिनिटानं, आणि ‘किती वेळ चालते’ हे मोजायचं ते उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे १००० ल्युमेननं दोन मिनिटं जळून पुढे सहा तास १२० ल्युमेनवर रेंगाळणारी टॉर्च खोक्यावर ‘१००० ल्युमेन, ६ तास’ असं राजरोस लिहू शकते. दोन्ही आकडे खरे, एकत्र वाचले की खोटे. खोक्याच्या मागे किंवा माहितीपत्रकात उजेड आणि वेळ यांचा आलेख असेल तर तो बघावा. जो कंपनीवाला आलेख छापतो त्याच्यावर माझा जरा जास्त विश्वास बसतो.

दोन मिनिटांत उजेड का पडतो? उष्णतेमुळे. १००० ल्युमेन काढायला आठेक वॅट लागतात. त्यातले सुमारे पाच उष्णता होऊन एलईडीच्या पाठीमागे उतरतात. जुन्या दिव्याची उष्णता झोताबरोबर पुढे निघून जायची, एलईडीची मात्र अंगातच राहते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचा पाचवा हिस्सा तुमच्या मुठीत आहे, आणि ती वाहून न्यायला आहे बोटाएवढं अॅल्युमिनियम. सर्किट स्वतःहून उजेड कमी करतं ते बरंच करतं. छोट्या टॉर्चचा ‘टर्बो’, म्हणजे सगळ्यात प्रखर उजेड, हा रिक्षाच्या भोंग्यासारखा: क्षणभर वाजवायला.

आणि डोळ्यालाही त्याचं फारसं कौतुक नसतं. डोळा उजेड सरळ बेरजेनं मोजत नाही. दुप्पट भासायला प्रत्यक्षात चौपट किंवा त्याहूनही जास्त लागतो. २०० आणि ३०० ल्युमेनमधला फरक दोन टॉर्च शेजारी धरल्याशिवाय कळत नाही. खाली उतरताना मात्र फरक मोठा पडतो. रात्री अडीचला वीज गेली, मुलं झोपलीत, पाणी प्यायचंय: तिथे १०० ल्युमेन म्हणजे छळ. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला पूर्ण तयार व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एक भगभगीत झोत ती तयारी सेकंदात पुसतो. त्या वेळी अर्धा-एक ल्युमेन पुरतो. म्हणून मी टॉर्च बघताना आधी विचारतो, सगळ्यात मंद किती? आणि ती मंदावरच सुरू होते, की आधी टर्बोचा तडाखा देऊन मग खाली येते? दुसऱ्या प्रकारची मी घेत नाही, कितीही स्वस्त असो.

ल्युमेन म्हणजे एकूण उजेड. तो एका दिशेला किती एकवटतो हे कँडेला सांगतं. खोक्यावरचं ‘झोताचं अंतर’ कँडेलावरूनच काढतात: जिथे उजेड पाव लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्यावर येतो ते अंतर. २५०० कँडेलाला १०० मीटर. पण शंभर मीटरवर तुम्हाला चांदणंच मिळणार आहे. तिथे काहीतरी हललं एवढं कळेल. गाय की गवा हे कळेलच असं नाही. तेच अंतर निम्मं केलं की उजेड चौपट. खिशातल्या टॉर्चला खरं तर लांब पल्ला लागतच नाही. आपण तिच्या उजेडात कुलूप शोधतो, जिना उतरतो, स्कूटरच्या चाकाकडे वाकून बघतो. पायापुढचे दहा मीटर सारखे उजळणारा रुंद झोत हवा.

पायापुढचे दहा मीटर गावाकडे तर जिवाशी निगडित आहेत. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. वर्षाला सरासरी ५८,००० म्हणजे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची येते, आणि माणूस मध्यरात्री बांधावरून पाणी धरायला निघतो. मण्यार रात्रीचीच, आणि कोकणातल्या कातळावरचं फुरसं तर सुकल्या पाचोळ्याच्या रंगाचं. इथे दोन गोष्टी कामाला येतात. पहिली रंगाची. खूप निळसर पांढऱ्या, हलक्या एलईडीत तांबूस-तपकिरी छटा एकमेकींत मिसळतात. ४००० केल्विनच्या (हे उजेडाच्या छटेचं माप) आसपासचा, रंग नीट दाखवणारा एलईडी घेतला तर पाचोळा वेगळा आणि फुरसं वेगळं दिसण्याची शक्यता वाढते. रंग किती खरे दिसतात हे सांगणारा सीआरआय हा आकडा असतो, शंभरपैकी. ७० सर्रास मिळतो, ९० शोधावा लागतो. ल्युमेन जरा कमी मिळतात. मिळू देत.

दुसरी गोष्ट फुकटची आहे. टॉर्च कमरेच्या खाली धरून चाला. उजेड डोळ्यांजवळून निघाला की वस्तूची सावली वस्तूमागेच लपते आणि जमीन सपाट दिसते. कपाळावर बांधायच्या दिव्याचा हाच दोष. हात खाली केला की प्रत्येक दगडाला, खड्ड्याला आणि वेटोळ्याला सावली फुटते. श्रावणात सह्याद्रीत धुकं उतरलेलं असताना कपाळावरच्या दिव्यापुढे पांढरी भिंत उभी राहते, कारण थेंबांवरून परतलेला उजेड सरळ डोळ्यांत येतो. तेव्हाही हात खालीच.

मोबाइलचा दिवा आहेच की, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. किल्ली शोधायला तो छान. पण वीज गेली की मोबाइलचं चार्जिंग सगळ्यात मोलाचं असतं, आणि निसरड्या पाखाडीवर तो हातात धरून कुणी निर्धास्त उतरत नाही.

सेल कुठला? मी एका पेन्सिल सेलची टॉर्च वापरतो, आणि त्याचं कारण वाण्याचं दुकान आहे. आंबोलीच्या टपरीवर १८६५० मिळत नाही, पेन्सिल सेल मिळतो. घरापासून फार लांब न जाणाऱ्यानं आतच चार्ज होणारी लिथियमची टॉर्च घ्यावी. उजेड जास्त मिळेल. फक्त पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये त्याच मापाचा १४५०० हा लिथियम सेल घालायचा मोह नको. बसतो तंतोतंत, पण पूर्ण भरलेला तो ४.२ व्होल्ट देतो, आणि सर्किट त्यासाठी बनवलेलं नसेल तर ते जळतं.

अल्कलाइन सेल मात्र टॉर्चमध्ये घालून विसरू नका. त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. सेल उतरत जातो तसा आत हायड्रोजन साचतो, सील सुटतं आणि क्षार पाझरतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची पांढरी भुकटी होते. माझी एक चांगली टॉर्च अशीच गेली. सेल आत इतका घट्ट चिकटला की खिळा ठोकून काढावा लागला, आणि स्प्रिंग हातात तुकड्यांनी आली. वेळेत लक्षात आलं तर कापसाच्या काडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसावं, फसफसलं की समजावं क्षार मरतोय, मग ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळवावं. कमी गळतीचे रिचार्जेबल निकेल सेल यापेक्षा खूप सुरक्षित. वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज धरून ठेवतात. त्यांचा एक तोटा सांगायला हवा. सर्किट शेवटपर्यंत सारखा उजेड ओढतं आणि मग टॉर्च एकदम बसते. आजोबांची बॅटरी तासभर आधी पिवळी पडून निरोप द्यायची. सेल उतरताना लुकलुकून किंवा मंद होऊन सांगणारी टॉर्च म्हणूनच बरी.

खिशात आपोआप लागणाऱ्या टॉर्चवरही उपाय आहे, तो बहुतेकांच्या हातात असून माहीत नसतो. शेपटीचं झाकण पाव फेरा सैल करा. अॅल्युमिनियमच्या आट्यांवर अॅनोडायझिंगचा थर असेल तर तो वीज वाहू देत नाही. झाकणाची कड नळीच्या उघड्या कडेला टेकली तरच विजेचं मंडल पूर्ण होतं. केसाएवढी फट पडली की टॉर्च मेली. बटण दाबलं तरी लागत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक बटण झोपेतही ओढत असतं ती थोडी वीजही थांबते. आटे नुसते चंदेरी, थर न दिलेले असतील तर ही युक्ती चालत नाही. दुकानात झाकण उघडून बघायला हरकत नसते. तेव्हाच आतली रबराची कडी आहे ना, तेही बघावं. पाणी तीच अडवते. आयपीएक्स-७ लिहिलं असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकायला हवी. कडी कोरडी पडली की थोडं सिलिकॉन ग्रीस.

नवी टॉर्च आणली की मी पहिल्या रात्री तिला ताठ उभी करतो, झोत पांढऱ्या छताकडे. खोलीभर सारखा उजेड पसरतो. शेजारी मोबाइल ठेवून लक्स मोजणारं अॅप लावतो आणि मिनिटामिनिटाला आकडा वहीत लिहितो. अॅपचा आकडा खरा असेलच असं नाही, पण उतार खरा कळतो. गेल्या खेपेची सुरुवात १४२ वर झाली. चौथ्या मिनिटाला ५१. मग दीड तास तिथून हलली नाही. खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा मी पेननं खोडला आणि शेजारी त्याचा तिसरा हिस्सा लिहून ठेवला.